सुपारीचं खांडही नाही

मी थर्मास बोलतोय. केवळाबाईनं मला उदगीरच्या बाजारातून हौसेनं आणलं, शेतावर नवऱ्याला गरम चहा न्यायला. पण त्या भुजंगानं माझ्यात काय भरावं? दारू! लोकांना वाटायचं, गडी चहाचा लई शौकीन. मला अशी चीड यायची! पण थर्मासाचं ऐकतो कोण?

आज आम्ही लातूरच्या दवाखान्यात आहोत. भुजंगाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. कालपासून पोटात दारूचा थेंब नाही, म्हणून त्याचे हात लटलट कापून राहिलेत. केवळाबाई पदरानं त्याचा घाम पुसते आणि सांगते, "ताप हाय जरा."

सांगते कुणाला? तर होणाऱ्या विहिणीला, जगदेवीबाईला. सोयरा दवाखान्यात म्हटल्यावर भेटायला यायचंच, ही आपल्याकडची रीत. केवळाबाईच्या लेकीची, शिल्पाची, यांच्या मुलाशी सोयरीक ठरलीय, कुंकू लावायचं तेवढं बाकी आहे. बाई शहाळी घेऊन आल्या नि स्टुलावर ठाण मांडून बसल्या.

तेवढ्यात भुलीचे डॉक्टर आले. "दारू घेतात का?"

केवळाबाईनं विहिणीकडं पाहिलं. "न्हाई जी. सुपारीचं खांड बी खात न्हाईत."

"लपवू नका, मावशी. पिणाऱ्याची दारू एकदम तुटली अन् त्यात भूल दिली, तर जिवावर बेततं."

"न्हाई म्हणलं ना!"

अगं बाई, बोल की खरं! माझा जीव नुसता खालीवर होत होता. डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले.

भुजंगानं तिचा हात घट्ट धरला. "केवळे, भिंतीवर मुंग्या बघ किती चढून राहिल्या."

भिंतीवर एकही मुंगी नव्हती. केवळाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"डॉक्टरसाहेब! मी खोटं बोलले! रोज पितात, उठल्या उठल्या पितात! वाचवा माझ्या माणसाला!"

अख्खा वॉर्ड वळून बघू लागला. डॉक्टर धावत आले. ऑपरेशन थांबलं, सुई टोचली, सलाईन लागलं.

जगदेवीबाईनं पिशवी उचलली. "आधी सांगायचं होतं, ईनबाई," एवढंच बोलून त्या निघाल्या.

"पोरीचं मोडलंस की गं," भुजंग पुटपुटला.

"मोडू द्या. स्थळ दुसरं मिळंल. बाप दुसरा कुठून आणू तिला?"

भुजंग लहान लेकरासारखा रडला. ऑपरेशन अजून व्हायचंय. घरी आल्यावर तो माझ्यात पुन्हा तेच भरेल का, देव जाणे. भरलं तर मी चिडेनच. पण आधी त्याला घरी येऊ द्या हो, एवढंच माझं मागणं आहे.