नुसतं बसायचा रविवार

"पाळकसाहेब, येत्या रविवारी मी येणार नाही."

मालन हे म्हणाली तेव्हा तिच्या हातात झाडू होता. उपासना सुटली होती. मुलुंडच्या त्या छोट्या चर्चच्या व्हरांड्यात उष्टे कप पडले होते.

"का? गावाला चाललात?"

"नाही. घरीच बसणार."

"कुणी यायचंय का?"

"कोणी नाही. नुसती बसणार."

पाळक हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतेय. तासाभरापूर्वीच ते चौथ्या आज्ञेवर पाऊण तास बोलले होते. विसाव्याचा दिवस पाळा, हात थांबवा, जीव निवू द्या. ऐकायला मालन आत नव्हती. ती मागच्या खोलीत स्टोव्हला पंप मारत होती. खरं सांगायचं तर त्या मंडळीत ज्याला विसावा पाळायचा असेल, त्याला आधी एक मालन लागायची.

सोमवार ते शनिवार ती भांडुपच्या कारखान्यात उभ्यानं बिस्किटांचे पुडे भरायची. रविवारी सहाला चर्चचं कुलूप काढायची, बाकं पुसायची, साडेआठला घंटा ओढायची, मग सगळ्यांचा चहा. तेवीस वर्षं. याला सेवा म्हणत. सेवा म्हटलं की माणसाचे पाय दुखत नाहीत, असा तिथल्या लोकांचा पक्का समज होता.

नवरा धोंडिराम ओतकामाच्या कारखान्यात. त्याची सुट्टी शुक्रवारी, तिची रविवारी. एका खोलीत तेवीस वर्षं काढली, पण दोघांची सुट्टी एका दिवशी कधी आली नाही. आता भट्टीच्या धुळीनं त्याची छाती खाऊन टाकली होती. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, मागेल ते खायला द्या.

त्यानं खायला काही मागितलं नाही.

"एक रविवार बस माझ्यापाशी," म्हणाला.

"बसून काय करू?"

"काही करू नको. त्यालाच बसणं म्हणतात, येडे."

मालननं शनिवारीच सगळं उरकलं. पाणी भरलं, भाकरी थापल्या, आमटी करून ठेवली. रविवारी उजाडलं तशी खाटेवर बसली आणि त्याचे पाय मांडीवर घेतले. हातांना काय करावं ते समजेना. ते आपोआप गोधडीच्या सुरकुत्या काढायला लागले.

"ठेव खाली ते हात," धोंडिराम म्हणाला.

साडेआठची घंटा पावणेनऊला झाली. वाकडीतिकडी.

"कोण वाजवतंय गं? आग लागल्यागत."

"कुंडलिक असेल. त्याला दोर ढिला सोडता येत नाही."

"तू उठू नको."

"उठत नाहीये."

तो तिच्याकडे बघत राहिला. "केस पांढरे झाले की तुझे."

"आत्ता दिसले?"

"उजेडात कधी बघितली तुला?" तो हसला, हसता हसता धाप लागली. तिनं छाती चोळली. बाहेर नळावर भांडण चाललं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते भांडण सोडवायला जावं असं तिला वाटलं नाही.

दहाला जिन्यावर पावलं वाजली.

एक नाही, दोन नाही, वीस-बावीस माणसं. पुढे पाळक, पाळकीणबाई, महिला मंडळाच्या सोनूबाई, कुंडलिक. मालन उपासनेला नाही म्हणजे तिचा विश्वास डळमळला, असं मंडळीनं परस्पर ठरवलं होतं. मायेनंच आली होती सगळी. मायेनं आलेल्या माणसाला दार लावता येत नाही.

"सलाम, मालनबाई. म्हटलं तुमच्या घरीच प्रार्थना करू."

दहा बाय दहाच्या खोलीत माणसं दाटली. काही दारात उभी राहिली. कुणीतरी गीत सुरू केलं. मालन उठायला लागली, तर धोंडिरामनं तिचा पदर धरला.

"बस."

"लोकं आलीत. घोटभर चहा तरी..."

"बस ना गं."

सोनूबाई बघत होत्या. मालननं त्याची बोटं एकेक करून पदरावरून सोडवली. "आलेच," म्हणाली.

शेजारच्या विमलाकडून कप आणले. स्टोव्ह पेटेना, पिन मारली. पडद्यापलीकडे पाळकांचा आवाज चढत होता. हे प्रभू, आमची ही बहीण थकली आहे. तिला विसावा दे. तिच्या हातांना विसावा दे. त्याच हातांनी ती चहा गाळत होती.

ताट घेऊन बाहेर आली तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. धोंडिरामचे उघडे होते. छातीवरची गोधडी हलत नव्हती.

प्रार्थना चालू होती. प्रार्थनेत मध्येच बोलायचं नसतं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. ती ताट धरून उभी राहिली. कपांवर साय धरली. पाळकांनी रोग्यांसाठी मागितलं, मंडळीसाठी मागितलं, देशासाठी मागितलं.

"आमेन."

लोकांनी डोळे उघडले आणि आधी चहाकडे पाहिलं.

मालननं ताट मधोमध जमिनीवर ठेवलं. खाटेवर बसली. धोंडिरामचे पाय मांडीवर घेतले. हात खाली ठेवले.

"मालनबाई, साखर जरा कमी वाटते हो," पलीकडून कोणीतरी म्हणालं. "डबा कुठंय?"

मालन बसून राहिली.