खाटकिणीचं नाक

खाटकिणीचं नाक तराजूपेक्षा पक्कं. माल आजचा की कालचा, हे ती दारातूनच सांगायची. त्यामुळे सोमवारी दुकानात कुजका वास सुटला तेव्हा तिने सगळ्यांना फैलावर घेतलं.

फ्रीजर रिकामा केला, चांगला ताजा माल फेकून दिला, फरशी उकळत्या पाण्याने घासली. नवऱ्याच्या हलगर्जीपणाचा उद्धार केला. वास हटेना. अंगात ताप होता, तोही तिने घासण्याच्या नावावर खपवला. आठवड्यापूर्वी हाडाचं टोक लागून डाव्या स्तनाखाली फोड आला होता. त्यावर कापूस ठेवून वरून एप्रन आवळलेला. मधुमेहाच्या गोळ्या कधीच्या बंद.

बुधवारी सासूबाई दुकानात आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सूनबाई, वास दुकानाला नाही गं. तुझ्या अंगाला आहे."

ती तणतणत मागच्या मोरीत गेली आणि कापूस काढला. तिथेच भडाभडा ओकली. अर्धा स्तन काळानिळा पडला होता, खालून भांडी धुतल्यावर उरतं तसं करडं पाणी गळत होतं. तिने बोटाने दाबलं तर कातडीखाली चुरचुरलं, पण दुखलं नाही. न दुखण्याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली.

हॉस्पिटलात सर्जनबाईंनी आडपडदा ठेवला नाही. जंतू मांस खात सुटलेत, तासाभरात कापायला हवं, बहुधा सगळा स्तन जाईल. थांबलात तर जीव जाईल. नवरा नाकाला रुमाल लावून भिंतीशी उभा होता.

"डॉक्टर, जमेल तेवढं ठेवा," तो म्हणाला. "चारचौघांत वावरायचंय तिला."

आयुष्यभर घाणीत हात घालणाऱ्या खाटकिणीला त्या बोलण्याची आली तशी शिसारी कधी आली नव्हती. तिने संमतीचा कागद ओढून स्वतःच सही केली.

"ताजं रक्त दिसेपर्यंत कापा," ती सर्जनबाईंना म्हणाली. "सडकी कड ठेवली की सगळंच जातं."

तीनदा कापावं लागलं. स्तन गेला, ती राहिली. बाराव्या दिवशी नर्सने पट्टी सोडली तेव्हा नवऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिने मान खाली घातली आणि ते लाल, ओलं, ओबडधोबड नीट पाहून घेतलं.

"इकडे बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "किळस येईल. येऊ द्या."

तो बघेपर्यंत तिने नर्सला नवी पट्टी बांधू दिली नाही.