माचावरच्या कुंड्या

दिवाळीच्या सुटीत नलू काशीद गावी घरी आली होती. त्या सकाळी तिचे वडील धर्माजी रोजच्यासारखे कळशी घेऊन आंब्यावर चढले. वर, तीन पुरुष उंचीवर, फांद्यांना बांबूचा माच बांधला होता आणि माचावर रोपांच्या कुंड्या होत्या. रोपाचं खोड जुन्या आंब्याच्या फांदीला बांधायचं आणि सांधा जुळेपर्यंत रोज वर जाऊन पाणी घालायचं, अशी कलमाची रीत.

ही रोपं नलूनं निवडलेली. मुंबईच्या कॉलेजात प्रयोगशाळेत ती रोपांच्या सालीच्या कपच्या स्पिरिटमध्ये भिजवी आणि त्यात लोहक्षाराचे थेंब टाकी. ज्याचा रंग काळाभोर होईल ते रोप सावकाश वाढतं, त्यावरचं कलम ठेंगणं राहील, असा तिचा कयास. वडिलांना पुन्हा झाडावर चढावं लागू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. पण हे कारण तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. ऐकून ते दुखावले असते.

बांबू करकरला. नलूनं दचकून वर पाहिलं.

"दोरी कुजलीय का हो, बाबा?"

"दोरीला काय व्हतंय? तुजी बुटकी झाडं झाली ना बाय, का आंबं बकऱ्याच खातील. मंग मला राखणीला बसव."

ती हसली. ओठांवर आलेलं 'उतरा खाली' गिळून म्हणाली, "त्या कडेच्या कुंडीलाही घाला. सुकतेय."

त्यांनी हात लांबवून पाणी घातलं आणि सुखरूप खाली उतरले. मग दोघांनी चहा घेतला.

दुसऱ्या सकाळी ती चुलीपाशी असताना वाडीतून कुंड्या फुटल्याचा आवाज आला. ती धावली. माचाची एक बाजू लोंबत होती. धर्माजी मुळांवर आडवे पडले होते आणि डोळे उघडे होते. तिनं हाका मारल्या. ओ आली नाही.

राख सावडून आल्यावर दादूकाकांनी, धर्माजींच्या धाकट्या भावानं, नव्या दोरीनं माच आवळला आणि कळशी उचलली.

"वाचल्यात तेवढी तरी जगवू. भावाची मेहनत हाय ती."

ते चढू लागले. नलू खोडाला हात लावून उभी राहिली. काका वर पोचले, बांबू वाकला.

"बाबा, उतरा!" ती ओरडली.

काका थबकले. चूक तिच्या ध्यानात आली, पण तिला थांबता येईना.

"उतरा खाली. मरू देत रोपं. मला भीती वाटते, रोज वाटते. मला झाडं नकोत, बाबा, तुम्ही हवे आहात."