वारा पडला

हवामान केंद्रातल्या ताईचे अंदाज म्हणजे तिच्या घरात कायमचा थट्टेचा विषय. तिने ऊन सांगितलं की तिचा दादा मुद्दाम छत्री घेऊन निघायचा आणि दारातच ती फाडकन उघडून दाखवायचा. "तुझा अंदाज एकदा खरा ठरू दे, अख्ख्या गल्लीला जेवण घालतो," म्हणायचा. हा दादा केंद्रासमोरच्या बंदरात उंच क्रेन चालवायचा. थट्टा कितीही केली तरी तिच्या शब्दाशिवाय तो क्रेनची शिडी चढत नसे.

तो शब्दही एकच. बंदरातला मुकादम फोन करायचा, "ताई, वारा?" ती म्हणायची, "आहे," नाहीतर "पडला." आहे म्हणजे सगळ्यांनी खाली बसायचं, पडला म्हणजे काम सुरू. इतकी वर्षं एवढ्यावर सुरळीत चाललं होतं, त्यामुळे जास्त बोलायची कुणाला गरज वाटली नव्हती.

त्या दिवशी सकाळपासून समुद्राकडून गरम, दमट वारा सुटला होता. कपडे अंगाला चिकटत होते. क्रेन बंद होती, धक्क्यावर जहाज ताटकळत होतं आणि मुकादमाचा जीव खालीवर होत होता. ताईचं लक्ष मात्र भिंतीवरच्या नकाशाकडे होतं. डोंगरांपलीकडून थंड हवेचा भलामोठा पट्टा सरकत येत होता. थंड हवा जड. बाकावर एखादा लठ्ठ माणूस घुसून बसला की आधीचा बिचारा उठून उभा राहतो, तशी ती गरम हवेला खालून ढकलून वर उचलते. दोघी जिथे भिडतात ती आघाडी. ढग, गारा, वादळ, सगळा तमाशा तिथेच. दाबमापकाचा काटा घसरतच होता.

मग डोंगराच्या पायथ्याच्या केंद्रातून सहकाऱ्याचा फोन आला. 

"आमच्याकडे आधी वारा एकदम पडला. वाटलं, सुटलो. आणि मग उलट्या दिशेने असा आला, की शेजारच्या शाळेचं छप्पर गेलं! तुमच्याकडेच निघालाय तो. तिथे काही झालं तर कळव. नाहीतर मीच करतो परत."

तिने फोन ठेवून खिडकीबाहेर पाहिलं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला लोंबत होती. झाडाचं पान हलत नव्हतं. सहकाऱ्याने सांगितलं अगदी तसंच. तेवढ्यात फोन वाजला. सहकारीच असणार, म्हणून तिने तो उचलला आणि जवळजवळ किंचाळली, "वारा पडला!"

"देव पावला, ताई!" मुकादम म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

आपण कुणाला काय बोलून बसलो हे तिला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने फोनवर झडप घातली. तिने परत फोन लावला. मुकादमाच्या रिकाम्या खोलीत तो नुसता वाजत राहिला. दादाचा मोबाइल नियमाप्रमाणे खाली कपाटात. ती तशीच धावत सुटली.

रस्ता ओलांडून ती बंदराच्या कुंपणाला भिडली, तेव्हा दादा शिडीवर अर्ध्याच्याही वर होता. "दादा, उतर! खाली उतर!" ती घसा फोडून ओरडली, दोन्ही हात हलवू लागली. जहाजाच्या इंजिनाच्या धडधडीत तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. दादाने खाली पाहिलं. आपली बहीण एवढी नाचतेय म्हणजे आज स्वारी खूश आहे, असंच त्याला वाटलं असणार. एका हाताने शिडी धरून त्याने दुसऱ्या हाताने हवेतच खोटी छत्री उघडून दाखवली, आणि हसत हसत वर चढू लागला.

तिच्या घामेजल्या मानेला मागून, डोंगराकडून, थंड हवा लागली. तिने मागे वळून पाहिलं. केंद्राच्या खांबावरची पिशवी फडफडली आणि गर्रकन उलट्या दिशेला फिरली.

आपला अंदाज चुकू दे, असं तिने आयुष्यात पहिल्यांदाच मागितलं.

तो चुकला नाही.