मावशी खोकली

मार्तेम्यान मागच्या दारानं आला, तेव्हाच सेवास्त्याननं ओळखलं, बातमी वाईट आहे. सख्ख्या बहिणीच्या घरी माणूस पुढच्या दारानं येतो. पण मार्तेम्यानला सरकारनं पंच नेमलं होतं, तो जनरलच्या पंक्तीला जेवत होता आणि गावातले लोक त्याच्या सावलीवर थुंकत होते.

"दाजी, मी आलो होतो हे कुणाला बोलू नका," तो टोपीसुद्धा न काढता म्हणाला. "यादी झालीय. येरेमाचं नाव आहे."

त्याची बहीण फेतिन्या चुलीपाशी कोबीचं सार ढवळत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला.

त्या वर्षी याइक नदीकाठच्या कुठल्याही घरात 'यादी' म्हटलं की तोंडचं पाणी पळायचं. पीटर्सबर्गच्या राणीसाहेबांना नवी पलटण उभारायची होती आणि पलटणीत जायचं म्हणजे पहिल्यांदा दाढी उतरवायची. आम्हा कोसॅक लोकांत दाढी हा देवानं दिलेला चेहरा. बिनदाढीचा मेलास तर तिकडे तुला ओळखणार कोण? थोरल्या पोराला, नजारला, पहिल्या यादीत नेलं. चौघांनी दाबून धरला आणि भर चौकात मेंढीसारखा भादरला. त्याला दोन वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही. फेतिन्या रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची आणि जिवंतांची करू की मेलेल्यांची, इथे दर वेळी अडायची. आता घरात एकटा येरेमा उरला होता. अठरा वर्षांचा. दाढी म्हणजे हनुवटीवर चार केस.

"नाव खोडता येईल?" सेवास्त्याननं विचारलं.

"येईल. म्हणून तर जीव मुठीत धरून आलोय." मार्तेम्यान बाकावर टेकला. "उद्या गाव देवाच्या तसबिरी घेऊन जनरलच्या दारात जाणार आहे. तुम्हीही जा. नाही गेलात तर गावच तुमचं घर पेटवील. पण तिथं नुसतं उभं राहायचं. खिडकीत कारकून बसणार आहे, तो बघणार कोण पुढं येतंय. जो पुढं आला त्याचं घर संपलं. तुम्ही बापलेक जागचे हलला नाहीत, तर संध्याकाळी माझ्या हातानं येरेमाचं नाव खोडतो."

"नुसतं उभं राहायचं?"

"घोड्याला जमतं, दाजी. तुम्हालाही जमेल."

तो गेला. फेतिन्यानं भावाच्या पाठीकडे पाहून दोन बोटांनी क्रूस काढला. त्याच्यासाठी की त्याच्यापासून, देव जाणे.

आता सेवास्त्यान कसा माणूस होता ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. भित्रा. लाज कसली, भित्राच. शिक्क्याचा कागद दिसला की तो मागच्या दारानं सटकायचा. गावानं तीनदा माणसं पीटर्सबर्गला पाठवली. नदी आमची, मीठ आमचं, दाढी आमची, हे जुन्या राजानं दिलंय, तुमचे साहेब ते लुटताहेत, एवढंच सांगायला. पहिल्यांदा गेलेल्यांना नऊ महिने दारात बसवलं आणि अर्ज चुकीच्या कागदावर आहे म्हणून परत धाडलं. दुसऱ्यांदा गेलेले तुरुंगात पडले. तिसऱ्यांदा गेलेले भादरून, फटके खाऊन आले. याइक कुठं आहे हे तिथल्या साहेबाला नकाशावर बोट ठेवून दाखवावं लागलं म्हणे. तिन्ही वेळा अर्जावर सही करायची वेळ आली तेव्हा सेवास्त्यानचं पोट बिघडलं होतं.

वर्षातला एक दिवस मात्र तो कुणाला भ्यायचा नाही. हिवाळ्यात नदी गोठली की मोठाले मासे बर्फाखाली डोहात निजतात. त्या दिवशी सगळं गाव मासा ओढायच्या लांब दांड्याच्या आकड्या खांद्यावर टाकून काठावर रांगेत उभं राहतं. चूं नाही. खोकलासुद्धा दाबायचा, मासा जागा होतो. मग काठावरची जुनी तोफ उडते. तिला आम्ही मावशी म्हणतो. मावशी खोकली की पळायचं, डावं-उजवं बघायचं नाही, पडलेल्याला उचलायचं नाही. जो डोहावर आधी पोचला, डोह त्याचा. पन्नाशीतला सेवास्त्यान तीन हिवाळे सगळ्यांच्या आधी पोचला होता. येरेमालाही त्यानंच शिकवलं. "विचार करत बसलास तर मागं राहिलास," तो म्हणायचा. "कानानं ऐकायचं ते थेट पायानं ऐकायचं."

यंदा मावशी खोकलीच नव्हती. आधी यादीतली पोरं, मग मासा, असं जनरलनं सांगून टाकलं होतं. महिनाभर आकड्या भिंतीला टेकून होत्या आणि पिंपात खारवलेला मासा तळाला लागला होता.

मार्तेम्यान गेल्यावर सेवास्त्याननं येरेमाला तसबिरीपुढं उभं केलं. "शपथ घे. काय वाट्टेल ते होवो, उद्या जिथं उभा करीन तिथून हलायचं नाही."

"लोक काय म्हणतील, बाबा?"

"लोकांना नजार परत आणता आला का?"

येरेमानं आईकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती. त्यानं शपथ घेतली.

सकाळी थंडी अशी की श्वास मिशीवर गोठत होता. हजारो माणसं निघाली. पुढं म्हातारे, हातात तसबिरी. तलवारी आणि आकड्या मुद्दाम घरी ठेवल्या होत्या, उगाच साहेबाला निमित्त नको. सेवास्त्याननं मधली जागा धरली, फार पुढं नाही, फार मागं नाही. येरेमाच्या हातात तसबीर दिली, त्याची बाही घट्ट पकडली आणि त्याच्या बुटांभोवती टाचेनं बर्फात एक रेघ मारली.

"वेड लागलंय का याला?" शेजारचा म्हातारा पखोम म्हणाला. "पोर आहे का वासरू?"

"तुझं तू बघ."

पखोमनं पुढं पाहिलं आणि तो खुदकन हसला. जनरलच्या वाड्यासमोर शिपायांनी तोफा मांडल्या होत्या आणि मधोमध नदीकाठावरून ओढून आणलेली मावशी होती. "घ्या, मावशीलाही भरती केलं," तो म्हणाला. "दाढी नव्हती म्हणून भादरायची वाचली बिचारी."

आजूबाजूचे हसले. सेवास्त्यानला हसू आलं नाही. त्यानं वरच्या खिडकीत कारकून पाहिला. गुडघ्यावर वही, हातात लेखणी. पायरीवर जनरल, त्याच्या मागं मार्तेम्यान. मार्तेम्याननं त्याला हेरलं आणि अगदी किंचित मान हलवली. ठीक आहे, असेच उभे राहा.

एका अधिकाऱ्यानं कागद वाचला. घरी जा, नाहीतर तोफा डागू. पुढच्या म्हाताऱ्यांनी उत्तर म्हणून तसबिरी उंच धरल्या. कुणी मागं सरलं नाही, कुणी पुढंही गेलं नाही. हलू नकोस, सेवास्त्यान मनात म्हणत होता, हलू नकोस रे लेकरा, आता थोडंच राहिलंय.

अधिकाऱ्यानं हात वर केला. मावशीपाशी उभ्या गोलंदाजानं पेटती वात उचलली.

आणि गाव गप्प झालं. असं गप्प मी फक्त नदीवर पाहिलंय. एवढी माणसं, पण एक खोकला नाही. प्रत्येकाची नजर वातीवर. सेवास्त्यानला भीती वाटत होती. तरी त्याचा उजवा खांदा आपोआप खाली झुकला, जसा आकडीच्या वजनानं झुकतो, आणि त्याच्या हातातून येरेमाची बाही सुटली.

मावशी खोकली.

हे बंड कुणी ठरवलं, असं नंतर साहेबांनी शंभर जणांना कोठडीत विचारलं. पाठीची सालं काढली तरी नाव मिळालं नाही, कारण ठरवलं कुणीच नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही गावात तोफ उडाल्यावर माणसं मागं पळाली असती. आमची पुढं पळाली. पुढचे कोसळले, मागचे त्यांच्यावरून पळाले, कुणी डावं-उजवं पाहिलं नाही. शिपायांना दुसऱ्यांदा बार भरायलाही सवड मिळाली नाही.

सेवास्त्यानला भान आलं तेव्हा त्याचा हात मावशीच्या तापलेल्या नळीवर होता आणि कातडी चरचरत होती. दुसऱ्या हातात तोफ ठासायचा लाकडी गज होता. गजाला रक्त लागलं होतं. पायाशी गोलंदाज पडला होता, नजारच्याच वयाचा, गुळगुळीत हनुवटीचा. आसपास दुसरं कुणी नव्हतं. या वेळीही तोच सगळ्यांच्या आधी पोचला होता.

त्यानं वर पाहिलं. खिडकीतला कारकून त्याच्याकडेच बघत होता, आणि लिहीत होता. पायरीवरून मार्तेम्यान म्हणाला, "दाजी, काय केलंत हे," आणि दारातून आत पळाला.

मग लोंढा आला. "सेवास्त्यान पहिला, सेवास्त्यान," कुणीतरी ओरडत गेलं आणि माणसं त्याला ओलांडून दारावर आदळली. तो मात्र उलटा चालायला लागला. हातातला गज टाकायचंही त्याला सुचेना. पखोम पालथा पडला होता. त्याच्या पलीकडं दोघं, आणखी तिघं. सेवास्त्यान एकेकाचं तोंड बघत होता, येरेमा नाही असं बघून पुढच्याकडं वळत होता.

येरेमा उभा होता. तसबीर छातीशी धरून, अंगावर दुसऱ्याचं रक्त, ओठ निळे. बर्फातल्या रेघेच्या आत.

"बाबा, मी हललो नाही," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "सगळे गेले. तुम्हीपण गेलात. मी हललो नाही. आता खोडतील ना नाव?"

सेवास्त्याननं पोराच्या हनुवटीवरच्या चार केसांकडे पाहिलं. मागं दार फुटल्याचा आवाज आला. खिडकीत आता कुणी नव्हतं, म्हणजे ती वही घेऊन कारकून मागच्या वाटेनं पीटर्सबर्गकडं निघाला असणार. सेवास्त्याननं तसबीर येरेमाच्या हातातून हळूच काढून घेतली आणि तिच्या जागी तो रक्ताचा गज दिला.

"आता हल," तो म्हणाला.