धुऊन आलेला डबा

माणूस तोंडाने खोटं बोलतो, डब्याला ते जमत नाही. बिबवेवाडीत वीस वर्षं मी जेवणाचे डबे दिले, तेव्हा हे मला कुणी शिकवायला नको. परत आलेला डबा उघडला की कळायचं, कोण आजारी आहे, कोण बाहेर खाऊन आलं, कुणाचं घरी भांडण झालंय. सुरुवातीला आडनाव विचारून डबा लावणारेही आले. त्यांना मी सांगायचे, भाजीला आडनाव नसतं. तुम्हाला हवंच असेल तर समोरच्या हॉटेलवाल्याने पाटीवर लिहिलंय, ते वाचत वाचत जेवा.

माझा मुलगा दशरथ हडपसरच्या एका कंपनीत होता. सत्त्याण्णव साली त्यांनी त्याला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती ह्याची. तेव्हापासून तो माझे डबे पोचवायचा. सून त्याच्या कितीतरी वर्षं आधीच वारली होती. ती गेली तेव्हा नात आम्रपाली चार वर्षांची. तिला मी वाढवली. मी तिसरी शिकलेली, दशरथ दहावी, आता ही. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून तिने अभ्यास केला आणि दोन हजार दोन साली बारावी कॉमर्सला अठ्ठ्याहत्तर टक्के पाडले. गल्लीत पेढे मी स्वतः वाटले, ज्यांच्याशी बोलत नव्हते त्यांनाही. त्यांना तर आधी.

मग तीन फॉर्म घरात आले. एक बीकॉमचा, ते करता करता सीए व्हायचं. दुसरा कॉम्प्युटरचा. तिसरा मॅनेजमेंटचा. मूळ दाखला ज्या कॉलेजात जमा होईल तिथे तीन वर्षं गेली. दशरथला कंपनीने जाताना दिलेल्या पैशांची ठेव एकदाच मोडता येणार होती. चुकलं तर दुरुस्तीला जागा नव्हती.

आम्रपालीला हिशेबाचं हवं होतं. मला म्हणाली, "आजी, दोन्ही बाजू जुळल्या की मला बरं वाटतं. कॉम्प्युटरचं समजतं मला, पण तसं बरं नाही वाटत."

मी म्हटलं, "बरं वाटायला बाम लाव. फॉर्म कशाला भरायचा?"

मला मोठ्या माणसांच्या सल्ल्याची गरज नव्हती. तिन्ही धंद्यांची माणसं माझ्याकडे जेवत होती.

अभिनव एका सीएच्या हाताखाली शिकत होता. परीक्षेत दोनदा आपटलेला. ऑडिटचे दिवस आले की त्याच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नसायचं. पोळ्या सकाळी जशा घातल्या तशा, फक्त वाळलेल्या. जो धंदा माणसाला दोन घास गिळू देत नाही, त्यात पोरीला घालायची? मॅनेजमेंटवाली होती सृष्टी. एमबीए झालेली, बँकेची कार्डं खपवत गावभर फिरायची. तिचा डबा तिसऱ्या दिवशी परत यायचा, वास मारत. वर मला शिकवायची की मावशी, तुम्ही मेनू छापा, गिऱ्हाइकाचं मत घ्या. मी म्हटलं, गिऱ्हाइकाने आधी डबा खरकटा ठेवू नये, हे माझं मत घे.

आणि रंगनाथ. गोंदियाकडचा, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. आला तेव्हा त्याचाही डबा अर्धा परत यायचा. पण आदल्या वर्षीच्या गणपतीपासून नूर बदलला. डबा चाटूनपुसून संपलेला, लोणच्याची कोय तेवढी पांढरी करून ठेवलेली. काही दिवसांनी तीही दिसेना. डबा घासलेला, कोरडा केलेला, आणि वरच्या पुडात कागदात चिमूटभर साखर, कारण भांडं रिकामं परत देऊ नये. वीस वर्षांत असा डबा मला कुणी दिला नव्हता. दोन डबे घ्यायचा तो एक घेऊ लागला, तेव्हा मी विचारलं. म्हणाला, "रात्रीचं कंपनीतच जेवण देऊन राहिले न मावशी. एकच पुरते मले."

मी सरळ हिशेब केला. ज्याला पोटभर जेवायला आणि वर डबा घासायला सवड आहे, त्याचं मन जागेवर आहे. त्याचा साहेब चांगला आहे. त्याची लाइन चांगली आहे.

एका रविवारी तो डब्याचे पैसे द्यायला आला, तेव्हा आम्रपालीला पुढे बोलावलं आणि त्याला म्हटलं, सांग हिला तुझ्या लाइनीत कसं आहे ते. तो फरशीकडे बघत राहिला. चांगलंच आहे म्हणाला, पण हिला जे आवडते ते हिने करावं. आवडीचं लोणचं घालतात, मी म्हटलं, आणि विषय मिटवला.

त्या संध्याकाळी जेवताना दशरथने तोंड उघडलं. "आई, त्या रंगनाथचं जरा मला..."

"कंपनीने घरी बसवलेल्याने नोकरीवर बोलू नये," मी म्हटलं.

तो अर्धी भाकरी ताटात ठेवून हात धुवायला उठला. ते ताट मीच उचललं, मीच घासलं. त्यातलं मला काही वाचावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्रपालीला घेऊन कॉम्प्युटरच्या कॉलेजात मी स्वतः गेले. दाखला जमा केला. आम्रपाली रडली नाही, भांडली नाही. कारकुनाने बोट दाखवलं तिथे तिथे सह्या केल्या, बाकीचे दोन फॉर्म घरी आल्यावर नीट घडी करून वह्यांखाली ठेवले. पोर समजूतदार आहे, असं मी शेजारी सांगितलं.

ऑगस्टात दशरथ तापाने पडला. चार दिवस डबे मी आणि शेजारची शालू मिळून पोचवत होतो. जवळचे मी घेतले. रंगनाथ चार गल्ल्या सोडून राहायचा; कंपनीची बस येण्याआधी त्याचा डबा सकाळीच खोलीवर द्यायचा असायचा. दार बंद होतं. घरमालकीण सुंदराबाई बाहेर आली आणि म्हणाली, तो काल रात्रीच गावी गेला, सामानसुमान घेऊन.

मी विचारलं, मोठी सुट्टी मिळाली का?

"कसली सुट्टी हो? गेल्या गणपतीपासून घरीच होता तो. कंपनीने एका दिवसात तीसजणांना काढलं, त्यातला हा. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीच्या बसपर्यंत जायचा. बस गेली की परत. दुपारी तुमचा अर्धा डबा खायचा, उरलेला रात्री."

तिने आत जाऊन डबा आणून दिला. घासलेला, कोरडा. हातात घेतला तेव्हा आत साखरेची पुडी हलली.

घरी आले तर दशरथ पांघरूण घेऊन भिंतीला टेकून बसला होता. मी डबा त्याच्यापुढे ठेवला.

"तुला ठाऊक होतं?"

"बस गेल्यावर रोज मीच द्यायचो ना त्याच्या हातात. बनियनवर दार उघडायचा. घरी सांगू नका म्हणून पाया पडला होता."

"मग पोरीच्या वेळेला तरी बोलायचंस."

"बोलायला लागलो होतो." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "घरी बसलेल्याने बोलू नये, असं तू सांगितलंस."

मी साखरेची पुडी डब्याबाहेर काढली. मग तोच म्हणाला, "मला काढलं तेव्हा मीही दोन महिने सांगितलं नव्हतं, आई. डबा घेऊन सारसबागेत जाऊन बसायचो. येताना नळावर घासून आणायचो. दशरथला हल्ली चांगली भूक लागते, असं तू शेजारी सांगत होतीस."

मला ते आठवत होतं. शब्दसुद्धा हेच होते.

मी कॉलेजात गेले. कारकुनाला म्हटलं, दाखला परत द्या, मुलीला दुसरीकडे घालायचीय. त्याने रजिस्टरमधून मान वर केली नाही. दाखला न्या, म्हणाला, पण फी मिळणार नाही, आणि बीकॉमचे प्रवेश जुलैतच बंद झालेत. मी म्हटलं, एखादी जागा असेलच. तेव्हा त्याने चष्म्यावरून बघितलं. "आजी, प्रवेश म्हणजे मेथीची जुडी नाही, किडकी निघाली म्हणून बदलून द्यायला."

एरवी त्याला मी सोडला नसता. त्या दिवशी जिना उतरून आले.

आम्रपालीला ह्यातलं काही सांगितलं नाही. काय सांगायचं होतं? रंगनाथ गावी गेला एवढं तिला कळलं, त्यावर ती "हो का" म्हणाली आणि वही उघडून बसली. कॉलेज कसं आहे विचारलं की चांगलं आहे म्हणायची. मैत्रिणी चांगल्या, सर चांगले, कॉम्प्युटर चांगले. घरात तिचा आवाज पूर्वी ओट्यापर्यंत यायचा, आता दारातसुद्धा ऐकू येईना.

दसऱ्यानंतरची गोष्ट. त्या दिवशी माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं आणि वांग्याच्या भाजीत मीठ घालायचं राहिलं. संध्याकाळी डबे परत आले, ते सगळे भरलेले. अभिनवचा, सृष्टीचा, बाकी अकरा. सृष्टीने तर चिठ्ठीच ठेवली होती. मी एकेक झाकण काढत भाजी पातेल्यात ओतत होते, तेवढ्यात आम्रपाली आली. पिशवीतून आपला डबा काढला आणि ओट्यावर ठेवला.

मी उघडला. घासलेला होता. कडेला पाण्याचा थेंबही नव्हता.

"भाजी कशी झाली होती ग?" मी विचारलं.

"छान होती आजी."

ती आत गेली. पातेलं समोर तसंच होतं. तिला हाक मारून खरं काय ते विचारावं, असं मनात आलं. विचारलं असतं तर कदाचित तिने सांगितलंही असतं. मग मी काय बोलले असते, ते मला चांगलं माहीत होतं. मी डबा फळीवर पालथा घातला आणि दुसऱ्या दिवशीसाठी डाळ निवडायला घेतली.