टाकलेल्यातला शेकडा एक

"ताई, सापडलं का काही?" धाकट्या भावाचा सकाळपासूनचा हा चौथा फोन.

"शोधतेय म्हटलं ना."

"बाबा गेल्यापासून आई नुसती बसून आहे. एकदा त्यांचा आवाज ऐकवा म्हणते."

"तुझ्या फोनमध्ये बघ की."

"मी बाबांचा फोन उचलायचो. माझ्याकडे कशाला निरोप ठेवतील?"

तिने फोन ठेवला आणि पडद्याकडे वळली.

प्रयोगशाळेच्या खालच्या बोगद्यात दर सेकंदाला कोट्यवधी वेळा कण एकमेकांवर आदळत होते. एवढं सगळं साठवायला कुठेच जागा नाही. म्हणून कुठली टक्कर ठेवायची नि कुठली टाकायची, हे तिच्या गटाने लिहिलेले नियम डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवत. टाकलेलं कायमचं गेलं. शेजारच्या खुर्चीतला इलेक्ट्रॉनिक्सवाला तिला 'चाळण' म्हणायचा, आणि तिलाही ते आवडायचं.

या चाळणीनेच घात केला होता. निवृत्त झाल्यापासून बाबा दिवसातून दोन-तीनदा फोन करत, नेमके ती कामावर असताना. तिच्या आवाजातलं ते ठरावीक 'आत्ता कामात आहे, निरोप ठेवा' शेवटपर्यंत ऐकत, आणि बीप वाजली की गडबडून फोन ठेवत. दोन सेकंद श्वास, तीन सेकंद खाकरणं. किती वेळा सांगितलं, बोला तरी, नाहीतर करू नका. शेवटी वैतागून एका रविवारी तिने प्रोग्रॅमच लिहिला: सात सेकंदांहून छोटा निरोप परस्पर पुसायचा. बाबा यंत्राशी सात सेकंद कधी बोललेच नाहीत.

"काय गं चाळण, तोंड का उतरलंय?"

तिने सांगितलं. त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"आणि टाकलेल्यातला शेकडा एक?"

"ते इथे ठेवतो. चाळणीचं काही चुकतंय का बघायला. घरच्या फोनला कोण ठेवतं?"

"तू. तू वाणसामानाची यादीसुद्धा दोनदा तपासतेस."

तिने चिडूनच तो जुना प्रोग्रॅम उघडला. शेवटून तिसरी ओळ, हाताच्या सवयीने लिहिलेली: शंभरातला एक न बघता बाजूला ठेव. बाजूला एकोणीस फायली होत्या. एकही कधी उघडलेली नव्हती. दुसऱ्याची चाळणी असती तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं.

पहिल्या फायलीत श्वास. दुसरीत टीव्ही. मग कुठलासा विमावाला. बाराव्या फायलीत बाबा फोनपासून तोंड वळवून आईशी बोलत होते: "नाही गं उचलत. असू दे, आवाज ऐकला तिचा."

चार सेकंद.

"मग सांगायचं होतंत ना तसं," ती पडद्याला म्हणाली. इलेक्ट्रॉनिक्सवाला उठून कॉफी आणायला गेला.

फोन वाजला. पाचवा.

"ताई, सापडलं का?"

"आईला दे," ती म्हणाली. "आणि तिला सांग, मध्ये बोलू नको म्हणावं. फार छोटं आहे."